पहिल्या रांगेची डावी खुर्ची

मंगळवार, ४ मार्च

लग्नासाठी पाहिलेला पहिला हॉल बाद. मधोमध उभी राहून एकच टाळी वाजवली, आवाज २.८ सेकंद घुमत राहिला. बोलणं कळायचं तर एका सेकंदाच्या आत विरायला हवा. मॅनेजरना वाटलं, हॉल आवडला म्हणून टाळी. "सगळ्यांनाच आवडतो," म्हणाले. वर सात उंच खिडक्या. ऊन इतकं की आवाज मोजायच्या मीटरचा आकडा वाचायला हाताची सावली धरावी लागली.

टेपचं दुसरं टोक सावकाशकडे होतं. हे नाव मी ठेवलेलं. लग्नाचं विचारायला त्याला तीन वर्षं लागली, आणि विचारून झाल्यावर म्हणाला, "घाई नाही हं."

रोज लोकांच्या सभागृहांत हेच काम करते. आज पहिल्यांदा स्वतःसाठी केलं. आकडा दोनदा वाचला. मीटर व्यवस्थित आहे, तपासला.

शुक्रवार, ७ मार्च

आईची यादी – पार्किंग, स्वच्छ बाथरूम, जिने कमी. ताईची – फोटो चांगले यावेत. मी एवढंच सांगितलंय की आवाज नीट हवा. आई म्हणाली, "लग्न करतेयस की गाण्याची तालीम?"

खरी अट इथे लिहून ठेवते. समारंभ छोटा आहे. नोंदणी अधिकाऱ्यासमोर आम्ही दोघं चार-चार वाक्यं बोलणार, संपलं. माझी चार वाक्यं बाबांपर्यंत पोचली पाहिजेत. ताईच्या लग्नात ते पूर्ण वेळ हसऱ्या चेहऱ्याने बसले होते. परत येताना मला हळूच विचारलं, "काय म्हणाली गं ती?" मी शब्दन् शब्द सांगितला. पण ते ताईचं बोलणं नव्हतं, माझा अहवाल होता.

एकतीस वर्षं ते कारखान्यात प्रेसवर होते, पत्रा ठोकणाऱ्या यंत्रापाशी. कान तिथेच गेले. कानाचं यंत्र ड्रॉवरमध्ये पडून असतं. "त्यात चमचे फार ओरडतात," म्हणतात. घरात मात्र त्यांना बरं ऐकू येतं. खोली लहान, पडदे जाड, अंतर दीड मीटर. साहजिक आहे.

रविवार, ९ मार्च

बाग पाहिली. नुसत्या रस्त्याचाच आवाज ६४ डेसिबल. बाद. आईला बाग फार आवडली होती. परतताना ती माझ्याशी बोलली नाही. बाबांशी बोलली, पण आधी गाडीतला दिवा लावला, मग तोंड उघडलं. घरातही तसंच. दिवा लावल्याशिवाय हिचं वाक्य सुरू होत नाही.

गुरुवार, १३ मार्च

सापडला!

तिसऱ्या मजल्यावरचा जुना रेकॉर्डिंग हॉल. लाकडी जमीन, चारी बाजूंना जाड पडदे, ऐंशी खुर्च्या. लिफ्ट आहे – आई खूश. टाळी वाजवली ती जागच्या जागी संपली. ०.५ सेकंद! तीनदा मोजलं. मंचावरून कुजबुजले, तर शेवटच्या रांगेतून सावकाशने तेच वाक्य परत ऐकवलं. वाक्य काय होतं ते इथेही लिहिणार नाही.

खाली येताना लिफ्टची वाट पाहवली नाही.

"तू पळतेयस," तो मागून म्हणाला.

"उतार आहे," मी म्हटलं.

शनिवारी बाबांना दाखवायचा. पहिल्या रांगेची डावी खुर्ची, मंचापासून ३.८ मीटर. दोन दिवस कसे जाणार कोण जाणे.

शनिवार, १५ मार्च

आईबरोबर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. डाव्या खुर्चीत बसवलं. मी मंचावर उभी राहिले, मागे एकच दिवा. नेहमीच्या आवाजात म्हटलं, "बाबा, लग्नात तुम्ही निळा शर्ट घालणार की पांढरा?"

बाबा हसले. ताईच्या लग्नात हसले होते तसे.

मोठ्याने विचारलं. तेच हसू. त्यांच्या खुर्चीपाशी मीटर ७० दाखवत होता, म्हणजे आवाज पोचत होता. इतकं मोजून हेच, असं वाटलं.

तेवढ्यात सावकाश बाजूच्या पडद्याशी गेला. "जरा हवा येऊ दे," म्हणाला, आणि त्याच्या गतीने पडदा सारत गेला. ऊन माझ्या तोंडावर आलं. मी पुटपुटले, "आता काय करू?"

"काही नको करूस," बाबा म्हणाले. "बरी दिसतेयस."

लिफ्टमध्ये आईला विचारलं, माझं पुटपुटणं त्यांना कसं कळलं. ती माझ्याकडे बघतच राहिली.

"तुला माहीत नव्हतं? अगं, प्रेसच्या त्या धडाक्यात कोणाला काय ऐकू येणार? तिथे सगळे एकमेकांचे ओठच बघायचे. ताई आपल्याकडे पाठ करून बोलली, म्हणून तिचं हुकलं."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू त्यांना मशीन लावून बसली असतीस."

बाबा आमच्या दोघींच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत होते. सगळं कळत होतं त्यांना. "आणि आकडे काढले असते," ते म्हणाले.

रविवार, १६ मार्च

सकाळी नाश्त्याला आवाज अजिबात न काढता, फक्त ओठ हलवून म्हटलं, "बाबा, मीठ द्या." त्यांनी वर्तमानपत्रावरून वर बघत मीठ पुढे सरकवलं.

दहा वाजता उन्हाने भरलेला तो सात खिडक्यांचा हॉल बुक केला. २.८ सेकंद. बाकी कोणाला एक शब्द धड कळणार नाही.