ढाल तुटायच्या आधी

उस्ताद, आठ दिवसांपूर्वी, रविवारी मी माझ्या लेकीची ढाल तोडली, आणि तेव्हापासून तुम्ही काही केल्या डोक्यातून जात नाही.

खरी ढाल नव्हे. अमरावतीला राजापेठेत माझ्या मोटर वायंडिंगच्या दुकानावर एक खोली आहे, तिथं रविवारी दुपारी माझी लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी एक खेळ खेळतात. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, कुणी योद्धा, कुणी जादूगार. जे होईल की नाही सांगता येत नाही, ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरवायचं. गोष्ट सांगणारी चौथी पोरगी नोकरीला बंगलोरला गेली, तेव्हा लेक म्हणाली, बाबा, गिऱ्हाइकाला तासभर बोलण्यात गुंतवता ना, मग आता गोष्ट तुम्ही सांगा, राक्षसही तुम्हीच व्हा. झालो. तुम्ही म्हणाला असतात, पोरी फासे टाकून राहिल्या, बुढा राक्षस बनून राहिला, तं दुकान कोन पाहून राहिलं?

लेकीच्या योद्ध्याकडं ढाल होती, वर्षभर खेळून मिळवलेली. तिनं ती कागदावर रंगवली होती. कोणत्या लढाईत कोणता पोचा पडला, तोसुद्धा काढला होता. त्या तिघी गुहेत शिरल्या, मी लोखंड खाणारा एक किडा सोडला, फासा टाकला आणि ढालीचा भुगा झाला असं सांगून मोकळा झालो. मला वाटलं मजा येईल. तिनं चित्र पालथं घातलं. खालच्या मोटारसायकलींचा आवाज एवढा, पण तिचं हळू बोलणं मला नीट ऐकू आलं. "बाबा, तुटली त्याचं काही नाही. आधी कळलं असतं तर मी हात मागं घेतला असता."

मग तुमचं अकोल्याचं दुकान डोळ्यांपुढं आलं. मी तुमच्याकडं काम शिकायला येऊन सहा महिने झालेले. जळालेली मोटर आली की मालक येईपर्यंत छिन्नी लावायची नाही, हा तुमचा कायदा. मालकानं यायचं, जळका वास स्वतः घ्यायचा, हो म्हणायचं, मग आतली तारेची कॉईल कापायची. आणि काढलेली तार सुतळीनं बांधून त्याच्याच हातात द्यायची. त्या दिवशी मला हुशारी दाखवायची होती. तुम्ही नमाजला गेलात आणि मी एका शेतकऱ्याची मोटर कापून साफ करून ठेवली. तो आला, मोटरच्या रिकाम्या खोळीकडं बघत उभा राहिला. तो गेल्यावर तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "मोटर जयाली होती ते त्याच्या हातानं. आता त्याले जनमभर वाटन, का तूच तोडली."

दुसऱ्या दिवशी तुम्ही मला ऐकायला शिकवलंत. लाकडी मुठीच्या लांब पेचकसाचं, म्हणजे स्क्रूड्रायव्हरचं, टोक चालत्या मोटरच्या बेअरिंगवर, मूठ माझ्या कानाला. आधी नुसती घरघर. मग तिच्यात वाळू चाळल्यासारखं काहीतरी. "कोनतीबी चीज मरायच्या आंधी बोलते, बेटा. आयकू आलं तं मालकाले सांगाव. मंग त्याची मर्जी." पुढं मी रस्त्यावरून मोटर ओळखायला लागलो. अमरावतीत माझं जे काही झालं, ते या कानावर झालं.

काल मी पोरींना म्हटलं, मागचा रविवार खोडा, मी चुकलो. गोष्ट पुन्हा गुहेच्या तोंडाशी नेली. या वेळी आधी ढालीची कड करकरली, तांबडी भुकटी तिच्या बाहीवर पडली. मी तिला तसं सांगितलं. ढाल बाहेर ठेवून जायची वाट मोकळी होती. पण खेळात तिची मैत्रीण आधीच आत जाऊन जखमी पडलेली, म्हणून ती ढाल घेऊनच गेली. किडा झेपावला तेव्हा मुठीचा खिळा ढिला झाला, तेही सांगितलं. विचारलं, सोडतेस? ती म्हणाली, "नाही." आणि ढाल मैत्रिणीवर धरली. मग फासा. विसातले तीनच पडले. ढाल गेली, मधला पितळी गोळा तेवढा उरला, तो मी गोष्टीत तिच्या हातात दिला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चित्र तिनं सरळ केलं आणि खाली लिहिलं, मी दिली.

नंतर तिनं विचारलं, हा नियम कुठून आणलात. मी तुमचं सगळं सांगितलं, छिन्नी, सुतळी, पेचकस. ती म्हणाली, किती भला माणूस, कशानं गेले? छातीनं, एवढं म्हणून मी चहाच्या निमित्तानं खाली उतरलो.

तिला जे सांगितलं नाही ते असं. तुमच्याकडच्या माझ्या शेवटच्या उन्हाळ्यात तुमच्या श्वासात बारीक शिट्टी वाजायची, पाणी तुटल्यावर पंप वाजतो तशी. दुकानात चार मोटरी चालू असताना मला ती ऐकू यायची. दोन महिने. तुमचं मागंपुढं कुणी नव्हतं. बोललो असतो तर दवाखान्यात नेणारा मीच, जवळ राहणारा मीच, आणि दुकानासाठी ठरवलेली अमरावतीची जागा हातची गेली असती. निघालो त्या दिवशी तुम्ही स्टँडवर आलात, पेचकस माझ्या हातात ठेवलात. "तुये कान तेज हायेत, बेटा. सांभाळ." मी नमस्काराला वाकलो, तेव्हा तुमची छाती माझ्या कानापासून वीतभर होती. मग गाडी सुटली. दिवाळीआधी निरोप आला.

अकोल्याचं दुकान आता नाही, त्यामुळं या कागदावर पत्ता घालायला जागा नाही. पेचकसाच्या खोक्यात ठेवून देतो. तुम्ही गेलात तेव्हा सगळे म्हणाले, कुणाला कळलंच नाही. मीही मान हलवली होती, उस्ताद. मला कळलं होतं.