लिनबाईंचा व्हिसा

पासिर रिस, सिंगापूर, १२ मार्च २०१७

चि. उल्का,

आशीर्वाद. तब्येत ठीक आहे, डोकं मात्र तापलंय.

काल सकाळी सव्वासातला मलेशियाच्या नाक्यावरून माझ्या शेजारच्या लिनबाईंना परत पाठवलं. मलाक्काची सहल तुझ्या रुचिरनं ठरवली होती. त्यानं माझा व्हिसा काढला, त्यांचा नाही. फोनवर म्हणतो, "मावशी, मला वाटलं त्या सिंगापूरच्याच, त्यांना कुठे व्हिसा लागतो!" चिनी पासपोर्टची प्रत मीच पाठवली होती. यानं आडनाव वाचलं, देश वाचलाच नाही.

"तुम्ही तरी जा," लिनबाई म्हणाल्या. मी कसली जाते! मलाक्कात त्यांची नव्वदीची बहीण बसथांब्यावर येऊन बसली होती.

तुझे गुडघे कसे आहेत?

रुचिरनं लिनबाईंची लेखी माफी मागावी, इंग्रजीत, स्पेलिंग तपासून. सोबत व्हिसा कधी मिळेल तेही लिहावं. वीस तारखेच्या आत. नव्वदीच्या बाईला ताटकळत ठेवू नये.

तुझी ताई