पडद्यावरचा अबोला

शनिवार, ८ जुलै १९६१
सौ.ने आज शाळेला नकाराचं पत्र टाकलं. मला सांगितलं नाही, आमच्या मुलीकडून, नलूकडून कळलं. संध्याकाळी जेवताना म्हटलं, "आमटी छान झालीय." एकोणीस दिवसांनी पहिलं वाक्य. सौ.ने आणखी एक पळी वाढली. बोलली नाही काही, पण वाढली. म्हणजे मिटलं.

मी तिला नोकरी करू नको असं एकदाही म्हटलेलं नाही. हे इथे लिहून ठेवतो. बसवनगुडीच्या मुलींच्या शाळेला संस्कृत शिकवायला बाई हव्या होत्या. हिने विचारलं, "जाऊ का?" मी वर्तमानपत्र वाचत राहिलो. बस्स. पुढचं तिचं तिने ठरवलं.

डोळे चुरचुरतात. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात नवे दिवे लावलेत, पांढरेफटक.

रविवार, ३० जुलै
इथल्या मराठी मंडळाने पुण्याहून मराठी चित्रपट आणवला. गांधीनगरच्या थिएटरात सकाळचा खेळ. सगळं मराठी बंगलोर लोटलं होतं. सौ.ने ठेवणीतलं पातळ नेसलं.

गोष्ट एका पोस्टातल्या हेडक्लार्कची. रागावला की बायकोशी बोलणं बंद. निरोप मुलीकरवी. "तुझ्या आईला सांग, माझा सदरा सापडत नाही." आई दोन हातांवर उभी, सदरा घेऊन. मुलगी लग्न होऊन गेल्यावर हा मांजराला सांगू लागला. लोक हसून हसून लोळायचे बाकी. मीही हसलो, खोटं कशाला लिहू.

मग एक प्रसंग. बायको तापाने फणफणलेली, डॉक्टर आलेले, आणि हा डॉक्टरांना म्हणतो, "विचारा त्यांना, कुठे दुखतंय." पुन्हा हशा. मी सहज डावीकडे पाहिलं. नलू आमच्या दोघांच्या मधे बसली होती, ती हसत नव्हती. पलीकडे सौ., तीही नाही. दोघी पडद्याकडे बघत होत्या, ओळखीचं घर बघावं तशा. माझं हसू तिथेच…

बाहेर गोखले भेटले, आमच्याच ऑफिसातले, सहकुटुंब आले होते. म्हणाले, "काय नग हो! असली माणसं असतात का कुठे?"

सौ. म्हणाली, "असतात."

एवढंच. मग गोखलेवहिनींना मुलांचं विचारू लागली.

सोमवार, ३१ जुलै
चित्रपटात फार अतिशयोक्ती आहे. त्याला झुपकेदार मिशी दिलीय, चालही विनोदी. मला मिशी नाही. मांजराशी तर मी जन्मात बोललो नाही.

(पण नलू आहे म्हणून. नसती तर?)

शेवटही पटला नाही. बायको बरी होते, हा ढसाढसा रडतो, ती पदराने डोळे पुसते, संपलं. अडीच तासांत माणूस सुधारून मोकळा. असं होत नाही.

दिवसभर कामात लक्ष नाही. वडिलांची, दादांची आठवण येत राहिली. दादा एकदा आईशी दीड वर्ष बोलले नव्हते. कारण शेवटपर्यंत कळलं नाही. निरोप मी न्यायचो, नऊ वर्षांचा होतो. मधल्या दारात उभं राहायचं, या खोलीतलं त्या खोलीत सांगायचं. दादांचे शब्द जड असत, ते मी वाटेत मऊ करायचो. आईला वाटायचं दादा निवळले.

नलूही शब्द बदलत असेल का?

बुधवार, ९ ऑगस्ट
कारखान्याच्या बसमधून उतरलो तर फाटकाशी घरमालक व्यंकोबराव. यांचं घराणं शिवाजीच्या वेळेपासून इकडे, मराठी बोलतात पण निम्मं कानडी. म्हणाले, "स्वल्प थांबा हो अण्णा. अक्का शाळेला जातात म्हणे की! आमच्या घरचीला सांगत होत्या. भारी सरी झालं, बरोबर झालं. शिकलेली बाय, घरात किती दिवस बसवून ठेवायची?"

मी "हो हो" म्हटलं. मला काहीच ठाऊक नव्हतं. नंतर कळलं ते असं: शाळेने घेतलेली बाई टिकली नाही, हेडबाईंनी सौ.ला पुन्हा निरोप पाठवला.

घरात आलो. सौ.ने विचारलं, "चहा टाकू?" उत्तर दिलं नाही. ठरवून नव्हे. खुर्चीत बसल्यावर लक्षात आलं की सुरू झालंय.

शनिवार, १२ ऑगस्ट
चौथा दिवस. 

नलूला म्हटलं, "आईला सांग, उद्या गोखल्यांकडे जेवायला बोलावलंय."

नलू वहीतून मान वर न काढता म्हणाली, "मी नाही सांगणार."

"काय म्हणालीस?"

"आई इथेच आहे बाबा. चार हातांवर. तुम्हीच सांगा. मी त्या थिएटरात ठरवलं. मी आता निरोप नेणार नाही, तुमचाही नाही आणि आईचाही नाही. यावरून माझ्याशीही बोलायचं नसेल तर नका बोलू."

तेरा वर्षांची पोर. सौ. स्वयंपाकघरात, भांड्यांचा आवाज थांबलेला.

चपला घालून बाहेर पडलो. संकी तळ्याला दोन फेऱ्या मारल्या. घरी आलो तेव्हा ताट वाढून झाकून ठेवलं होतं. नलू आणि ती जेवल्या होत्या.

रविवार, १३ ऑगस्ट
गोखल्यांकडे कोणीच गेलो नाही. डोकं दुखतंय असं चिठ्ठीत कळवलं.

घरात एवढी शांतता कधी नव्हती. आजवर अबोल्यातही नलूचा आवाज ये-जा करत असे. त्यामुळे घर चालू आहे असं वाटायचं.

मंगळवार, १५ ऑगस्ट
सुट्टी. झेंडावंदन करून नऊला परत आलो. दिवसभरात तीनदा स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. एकदा पाणी प्यायला, एकदा काडेपेटी शोधायला, एकदा उगाच.

वाक्य तयार असतं. घशापर्यंत येतं. तिथे कोणीतरी म्हणतं, आत्ता बोललास तर हरलास. सतरा वर्षं संसार झाला. कोण कोणाविरुद्ध खेळतंय? आणि जिंकलेल्याला काय मिळतं, तर आमटी.

फार थकलोय. न बोलण्याला एवढे कष्ट पडतात हे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

गुरुवार, १७ ऑगस्ट
बोललो.

सौ. तांदूळ निवडत बसली होती. समोर पाटावर बसलो आणि म्हटलं, "बसवनगुडीची बस किती वाजता असते?" माझाच आवाज मला परका वाटला.

तिचे हात थांबले. म्हणाली, "सव्वानऊ. मी होकार कळवलाय. सोमवारीच."

मला न विचारता! आत सगळं गोठायला लागलं. ओळखीचं होतं ते. उठून वर्तमानपत्र हातात घेतलं असतं की पुढचे तीन आठवडे ठरलेले. उठलो नाही. गुडघे धरून बसलो आणि म्हटलं, "मला राग आलाय."

ती बघत राहिली. सतरा वर्षांत हे वाक्य तिने माझ्या तोंडून ऐकलं नसावं. "बरं," म्हणाली. "कशाचा?"

"तू मला विचारलं नाहीस."

"जूनमध्ये विचारलं होतं."

मग तीच म्हणाली, "लोक काय म्हणतील, याचा राग आहे का?"

"नाही. कारखान्यातून घरी येईन तेव्हा तू नसशील, याचा."

हे तोंडून निघेपर्यंत मला स्वतःलाही माहीत नव्हतं. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली. खडे बाजूला काढत. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हे जूनमध्ये सांगितलं असतंत तर मी थांबलेही असते."

"आणि आता?"

"आता नाही."

शुक्रवार, २५ ऑगस्ट
रोज बोलतो. ठरवून, औषध घ्यावं तसं. ऑफिसातलं सांगतो, गोखल्यांचं सांगतो. ती हो म्हणते, बरं म्हणते. वाद नाही, राग नाही, पण पुढे काही नाही.

आज विचारलं, "तू का बोलत नाहीस?"

म्हणाली, "मी सतरा वर्षं मनातल्या मनात बोलून घेते हो. तुमची उत्तरंही मीच देते. आता एकदम तोंडाने कसं जमायचं? सवय गेलीय."

चेष्टेने म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

सोमवार, ४ सप्टेंबर
सौ.चा शाळेचा पहिला दिवस. मी सातलाच निघालो, त्यामुळे जाताना पाहिलं नाही. संध्याकाळी आलो तर घराला कुलूप. नलू व्यंकोबरावांकडे होती. किल्ली घेतली, स्टोव्ह पेटवला, चहा केला. बरा झाला नाही. ती सहाला आली, तोच उरलेला चहा गरम करून प्यायली. पाय दुखत असावेत, भिंतीला टेकून बसली होती.

राग आला होता थोडा. सांगितला नाही. गप्प राहणं आणि न सांगणं यात फरक आहे का? विचार करायला हवा.

शनिवार, ९ सप्टेंबर
कारखाना अर्धा दिवस, शाळाही. घरी न जाता आमच्या मल्लेश्वरम्‌च्या बसथांब्यावर उभा राहिलो. दोन बस गेल्या. तिसरीतून ती उतरली. मला पाहून चेहरा उतरला. "काय झालं? नलू बरी आहे ना?"

"बरी आहे. असाच आलो."

विश्वास बसला नाही तिचा. काही पावलं तशीच चाललो. विचारलं, "आज काय शिकवलंस?"

"देव शब्द चालवून घेतला." मग जरा थांबून, "एक मुलगी आहे, मागच्या बाकावरची. द्विवचनाला अडून बसते. म्हणते, टीचर, एक आहे, पुष्कळ आहेत, एवढं पुरे की. दोघांना वेगळं रूप कशाला?" आणि हसली. रस्त्यात, मोठ्याने.

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगते काय? म्हटलं, आहे ते पाठ कर."

मग तिने हेडबाईंच्या चष्म्याचं सांगितलं, फळ्याला खडू उठत नाही ते सांगितलं, कानडीत एक शब्द चुकला आणि सगळा वर्ग कसा खिदळला ते सांगितलं. आठव्या क्रॉस रस्त्यापर्यंत बोलत होती. मी ऐकत होतो. निम्म्या गोष्टी कळल्या नाहीत, खरं सांगायचं तर लक्षही मधेच उडालं.

तिला ते कळलं बहुतेक. थांबली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "चार दिवसांत कंटाळाल तुम्ही."

"कंटाळेन कदाचित."

"मग?"

ती माझ्याकडे बघत उभी, शेजारून सायकली जात होत्या.

"माहीत नाही," म्हटलं.

तिने मान हलवली आणि पुढे निघाली. भरभर चालते हल्ली. मला पाय उचलावे लागले.