सासूबाईंची मान आणि माझा हात

तीर्थरूप आईंना जावयाचा वाकून नमस्कार (वाकलं की अजून गरगरतं, म्हणून भिंतीला धरून केला आहे, गोड मानून घ्यावा).

तुम्ही सुखरूप पोचलात, गुडघा कुरकुरतो पण ऐकतो, हे मेव्हण्यांकडून कळलं. इकडे ताप कधीच गेला, पण जाताना माझ्या नसांवर राग काढून गेला, असं डॉक्टर म्हणतात. उजव्या बोटांना मुंग्या येतात आणि डोक्यात कोणीतरी कापूस पिंजून ठेवलाय. परवा डॉक्टर म्हणाले, बोट नाकाला लावा. मी ते डोळ्यात घातलं. मग त्यांच्या कानावरचे केस वाढलेत हे मी सांगितलं, तर त्यांनी कागदावर लिहिलं, ‘निरीक्षण उत्तम.’ हळूहळू सुधारेल म्हणतात. तुमच्या लेकीने औषधपाणी चोख ठेवलंय. तिच्यासारखी बायको लाखात नाही.

आई, न्हाव्याचा निम्मा धंदा हाताचा आणि निम्मा तोंडाचा. माझं दोन्ही एकदम बसलं. दुकान पुन्हा उघडलं त्या दिवशी बँकेतल्या साहेबांना मी अदबीने विचारलं, ‘मिशी कापू की उकडू?’ साहेब अर्ध्या फेसानिशी उठून गेले. मग गिऱ्हाइकं काचेतून नमस्कार करायची आणि पुढच्या दुकानात शिरायची. कोणाला दोष द्यायचा? थरथरणाऱ्या कात्रीखाली मीही बसलो नसतो.

अशात तुम्ही डबा घेऊन आलात, रिकामी खुर्ची पाहिलीत आणि सरळ तीत बसलात. म्हणालात, ‘जावईबापू, या केसांचं मानेवर ओझं झालंय. उतरवा.’

‘आई, हात थरथरतोय.’

‘माझी मानही थरथरते. कुठेतरी जुळेल.’

जन्मभर वाढवलेले केस ते. मध्येच मी हात पुढे करून उभा राहिलो, काय मागायचंय तो शब्दच येईना. एरवी माणसं घाईने पाच शब्द पुढे करतात आणि सहावा, माझा, पळून जातो. तुम्ही डोळे मिटून थांबलात. बऱ्याच वेळाने मी ‘कंगवा’ म्हणालो, तेव्हा तुम्ही तो दिलात, जणू मी आत्ताच मागितला होता. शेवटी डावी बाजू उजवीपेक्षा बोटभर वर गेली. आरशात बघून तुम्ही म्हणालात, ‘डावीकडून मी जरा शिकलेली दिसते.’

बाहेर माणसं जमली होती. जावयाच्या हाती कात्री असताना सासूने मान पुढे केली आणि ती जिवंत उठली, मग आपल्याला कसलं भय, असा विचार करून गिऱ्हाइकं एकेक करत आत आली. साहेबही आले (दाढीच सांगितली, मिशीवर हात ठेवून). आज दुकान चालतंय ते तुमच्या मानेवर. हे उपकार फिटायचे नाहीत, आणि फेडायची मला घाईही नाही.

आपला जावई

ता. क. बोटं फार वेळ पेन धरत नाहीत, म्हणून मी सांगितलं आणि तुमच्या लेकीने लिहिलं. ‘लाखात नाही’ हे वाक्य सांगितल्याचं मला आठवत नाही. पण हल्ली माझ्या आठवणीवर विसंबतो कोण?

आणखी एक. हे मी लिहितोय. ती कपडे वाळत घालायला गेली आहे. अक्षर वाकडं आहे, पण माझं आहे. दुकानात खिडकीशी एक बाक टाकलाय, ऊन चांगलं येतं. केस कापायला नको, नुसत्या बसायला या.