कोपऱ्यांचा पेंढा

कामिओदा, ता. २ ऑक्टोबर

चि. तेरुओ यास अनेक आशीर्वाद.

दवाखान्यातून काल घरी आले. गुडघा वाकतो पण कुरकुरतो, तुझ्यासारखाच. येऊन पाहते तर खाचर मोकळं. वादळाआधी भात काढलंस, बरं केलंस. पण यंत्राने? अरे, यंत्र पेंढ्याचा भुगा करतं. भातपिकाच्या इनारीदेवाच्या दारावर दरवर्षी बांधायचा दोर आपल्याच खाचराच्या पेंढ्याचा लागतो. आता तो काय तुझ्या केसांचा वळू? तेही उरले नाहीत.

यंदा नवा दोर घेऊन मी देवळात चढले नाही, तर खाचर विकून तुझ्याकडे राहायला यायचं, असं मी तुम्हा नवराबायकोला कबूल केलंय. मुद्दाम केलंस का, एवढंच कळव.

लोभ आहे, राग उतरला की दिसेल.
तुझी ताई, किनुए

सेंदाई, ता. ६ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

देवाशपथ, मुद्दाम नाही केलं. वादळ दोन दिवसांवर आलेलं, शेजारच्या गोइचींचं यंत्र मिळालं, म्हणून लावलं. यंत्राला वळायला जागा हवी म्हणून चारी कोपरे मीच विळ्याने कापले आणि आईच्या सवयीने जुड्या बांधून कोठारामागे टांगल्या. पाठ अजून धरलीय.

दुकानात तयार दोर मिळतो, तोच कुणाकडून तरी लावून घे. खरं सांगू? तू देवळाच्या पायऱ्यांवर पडलीस तर, या भीतीने मला झोप लागत नाही. हात्सुएने तुझी खोलीही आवरून ठेवलीय.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा तेरुओ

कामिओदा, ता. १८ ऑक्टोबर

चि. तेरुओ यास आशीर्वाद.

पत्र वाचून तडक कोठारामागे गेले. नऊ जुड्या मिळाल्या. पाणी शिंपडून बडवल्या आणि दोर वळला. एरवी मांडीएवढा असतो, यंदा मनगटाएवढाही नाही. पण दाराच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत पोचला.

काल चढले. त्र्याऐंशी पायऱ्यांना अख्खी सकाळ गेली. दोनदा बसले, एकदा रडले. गोइची शिडी घेऊन मागे होते. म्हणाले, हा दोर दारातल्या दगडी कोल्ह्यांच्या गळ्यात शोभेल. मी म्हटलं, आधी दारावर बांधा, मग हसा. त्यांनी बांधला. उतरताना मी एकेका पायरीवर बसत उतरले, कपड्यांची पार वाट लागली.

तेव्हा खाचर विकायचं नाही. हात्सुएला सांग, त्या खोलीत शिवणाचं यंत्र मांड. मेमध्ये लावणीला दोघं या.

तुझी भीती मला कळते, पण ती तुझ्याकडेच ठेव, लोभ तेवढा इकडे धाड.
तुझी ताई, किनुए

ता. क. पुढच्या वर्षी यंत्र खुशाल आण. फक्त कोपरे जरा मोठे काप.