खाटेपाशी हळू बोलायचं

बाबा, तुम्हाला जाऊन दहा वर्षं झाली, मग आपल्या घरात दुपारी झोपतं कोण? निडी गावातल्या आपल्या घरात आई अजूनही सकाळी दहाला तुमच्या खाटेवर गोधडी अंथरते, खिडकीचा पडदा ओढते आणि तीनपर्यंत भांडं वाजू देत नाही. तुम्ही रोह्याहून कंपनीची रात्रपाळी करून यायचात, तेव्हाची ही शिस्त. आता कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, हात थांबत नाय गो.

दादाची मुलगी आठ वर्षांची आहे. तिने तुम्हाला पाहिलेलं नाही. दादा-वहिनी पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जातात, त्यामुळे सकाळची शाळा सुटली की ती आजीजवळ असते. गेल्या महिन्यात तिच्या बाईंनी बोलावलं. ती वर्गात बोलतच नाही, वाचतानाही नुसते ओठ हलवते. घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून सगळे माझ्याकडे बघू लागले. बी.एड.ला शिकवलं होतं, मुलाला खोटं पाडू नका, त्याच्या उंचीला बसा, आधी ऐका. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले आणि कशाची भीती वाटते ते विचारलं. तिने खाटेकडे बोट केलं.

"हळू बोल आत्या. आजोबा आत्ताच कुशीवर वळलेत. शाळेतला आवाजसुद्धा त्यांना ऐकू येतो. उठायच्या आधी ते दोनदा खोकतात, मग बोलायचं."

तुमच्या दोनदा खोकण्याचं तिला कुणीच सांगितलेलं नाही. आईला विचारलं, तर तांदूळ निवडता निवडता म्हणाली, मी नाय सांगितलं गो. तिथं कोणी नाही, हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. पण मला माझी एक दुपार आठवली. मी तिसरीत आहे, रडत घरी येते, आई पदराने माझं तोंड दाबते. तुम्ही जागेच असता. कंपनीत यंत्रांच्या आवाजासाठी मिळालेले स्पंजचे नारिंगी बोळे तुम्ही खिशातून काढता आणि कानात घालता. "आता रड. मला काय ऐकू येत नाय." मग मी सगळं सांगते, पिनेने जोडलेल्या माझ्या चपलेला मुली हसतात तेही. तुम्ही डोळे मिटून पडलेले. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याशी नव्या चपला.

परवा ते बोळे तुमच्या पत्र्याच्या डब्यात सापडले. तिच्यासमोर मी ते उशीवर ठेवले, तुमचे कान जिथे येतील तिथे, दोन बाजूंना. आता त्यांना ऐकू येत नाही, बोल, असं म्हटलं. तिने दोनदा विचारलं, नक्की? मी दोनदा नक्की म्हणाले. आधी ती कुजबुजली, मग तिचा आवाज चढत गेला.

"आजोबा उठले की ड्युटीला जातील. मग आजी एकटी राहील."

एवढंसं पोर आजीचं दुःख सांभाळत गप्प बसलं होतं. शेजारी तांदूळ पाखडणाऱ्या आईच्या हातातलं सूप खाली टेकलं. खाट करकरली. पोरगी बोलायची थांबली नाही.

हे पत्र वहीतच राहील. मुलांशी खोटं बोलायचं नाही, असंही आम्हाला शिकवलं होतं. तरी मी तिच्याशी खोटं बोलले. ती खेळायला गेल्यावर मी उशीवरचे बोळे उचलले, बाबा. तुम्हाला ऐकू यावं म्हणून.