दार उघडलं त्याची सही

॥ श्री ॥
मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी
६ ऑक्टोबर २०२४

चि. प्रणव यास अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोहोचले. तुमच्या लेस्टरच्या उन्हाळ्यात आखडलेले गुडघे इथे दोन दिवसांत मोकळे झाले. तुझ्या बाबांनी माझ्या मागे माझी मोठी कढई मुसफ्फाहला त्यांच्या कंपनीच्या कॅन्टीनला नेऊन तिचं पार वाटोळं केलंय. विचारलं तर म्हणतात, कढईच ती, खलास.

पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू सगळं ओके म्हणतोस आणि ठेवून देतोस. लहानपणी तुला चूक कागदावर लिहून द्यायला लावायचे, आठवतं? तोंडानं शंभर थापा मारायचास, पण हातात पेन आलं की खरं उतरायचं. म्हणून यापुढे पत्रच.

आज मात्र चूक मी लिहून देते. ऑगस्टमध्ये तू आणि स्वानंदी ऑफिसला गेला होतात तेव्हा एक गृहस्थ दारात आले. गळ्यात कार्ड. तीस वर्षं आखातात काढलेली बाई मी, कार्ड दिसलं की आधी आयडी पुढे करते, मग काय ते विचारते. आत बोलावलं, चहा केला, शंकरपाळे दिले. टीव्ही चालूच होता. रोज बघता का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, हो तर, सुनेचा नि मुलाचा पत्ता नसतो, हाच सोबतीला. ते त्यांनी फॉर्मवर लिहिलं आणि मी सही केली. ती लाल अक्षरांची पाकिटं तू न उघडता फेकतोस ना, त्यांच्यातलेच ते असावेत असं नंतर वाटलं. तू चिडशील म्हणून तेव्हा बोलले नाही.

काही वाकडं झालं नाही ना, तेवढं कळव. वेळेवर जेवत जा.
तुझी आई

लेस्टर
२० ऑक्टोबर २०२४

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

आई, हसून हसून पुरेवाट झाली. स्वानंदी म्हणते, पुढच्या वेळी त्या माणसाला जेवायलाच थांबवा.

तुला नीट सांगतो. इथे घरात टीव्ही लाइव्ह बघायचा तर दरवर्षी लायसन्स काढावं लागतं. एकशे सत्तर पाउंड, म्हणजे आठशे दिरहम, म्हणजे तुझ्या हिशेबात अठरा हजार रुपये. तो पैसा सरकारी चॅनेलला जातो, तुम्ही ते चॅनेल बघा नाहीतर नका बघू. मी भरत नाही. परवडत नाही म्हणून नव्हे, प्रिन्सिपल म्हणून. जे मी मागितलं नाही त्याचं बिल मला का? आमचा चारशे जणांचा ग्रुप आहे आणि त्याचे तीनच नियम: दार उघडायचं नाही, नाव सांगायचं नाही, सही करायची नाही. तू एका चहात तिन्ही मोडलेस.

टेन्शन घेऊ नकोस. टीव्ही तुला करमावं म्हणून मीच लावला होता, तू गेल्यावर काढून ठेवलाय. एकच सांग, नाव काय सांगितलंस? नुसतं प्रणवची आई, की पूर्ण?

बाबांना नमस्कार. माया आहेच, ती कमी करू नकोस.
प्रणव

अबू धाबी
८ डिसेंबर २०२४

चि. प्रणव यास अनेक आशीर्वाद.

स्वानंदीच्या फोननं घरात दिवाळी झाली बघ. जूनच्या सुरुवातीची तारीख आहे म्हणे. त्या पोरीला आई नाही, तेव्हा बाळंतपण मीच करणार, यात चर्चा नको. मी एप्रिलमध्ये व्हिसाचा अर्ज टाकते. अळीव, डिंक, बाळंतशेपा असं सगळं बाजूला काढायला लागलेय आणि माझ्या जुन्या सुती साड्यांची गोधडी शिवायला घेतलीय. हे म्हणतात, लेस्टरला हीटर असतो. यांना काय कळतं?

तू नाव विचारलं होतंस. पूर्ण सांगितलं, पासपोर्टवर आहे तसं, जन्मतारखेसकट. ते गृहस्थ खूश झाले. पण हे तू का विचारलंस, ते तू लिहिलं नाहीस.

आणि स्वानंदीच्या बोलण्यातून कळलं की माझ्या नावाचं एक खाकी पाकीट तुमच्याकडे आलंय. मला तिथे कोण पत्र लिहिणार? न उघडता तसंच इकडे पाठव, बाबांच्या पीओ बॉक्सवर. रात्री उगाच त्याचा विचार येतो.

स्वानंदीला जड उचलू देऊ नकोस.
तुझी आई

लेस्टर
१९ जानेवारी २०२५

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

उशीर झाला, सॉरी. ते पाकीट म्हणजे जाहिरात होती, श्रवणयंत्राची. फाडून टाकलं. त्याचा विचार करू नये.

माझा कायमच्या वास्तव्याचा अर्ज मार्चमध्ये जाईल. वकील म्हणतो, रेकॉर्ड स्वच्छ हवं, साधा दंडसुद्धा नको. म्हणून मी सध्या कुणाशी भांडत नाही. ते लायसन्ससुद्धा नोव्हेंबरात पैसे भरून काढलं. हसू नकोस. अर्ज पास झाला की पुन्हा बंद करीन.

स्वानंदीची तब्येत उत्तम आहे. ती तुझ्या वाटेकडे डोळे लावून बसली आहे. बाबांना नमस्कार सांगावा. लोभ आहे तसाच राहू दे.
प्रणव

अबू धाबी
१३ एप्रिल २०२५

चि. प्रणव यास आशीर्वाद.

तुझं जानेवारीचं पत्र मी तीनदा वाचलं. अक्षर इतकं सुंदर आहे की एकही खाडाखोड नाही. तुझ्या पत्रात खाडाखोड नाही असं आजवर झालं नव्हतं. आणि जन्मभर ज्याच्या विरुद्ध बोललास ते लायसन्स माझं ऑक्टोबरचं पत्र मिळाल्यावर महिन्याभरात काढलंस. मी बाबांना विचारलं, याचा अर्थ काय. ते म्हणाले, पोरगं शहाणं झालं. मला तसं वाटलं नाही.

काल व्हिसाचे फॉर्म भरून देतात त्या टायपिंग सेंटरला गेले होते. तहा म्हणून हैदराबादचा गुणी मुलगा आहे, सगळे प्रश्न वाचून दाखवत होता. एका ठिकाणी थांबला. कुठल्याही देशात कोर्टानं शिक्षा किंवा दंड केलाय का, असा तो प्रश्न होता. तहा हसून म्हणाला, आंटी, आपका तो नो ही होगा. मला मात्र ते खाकी पाकीट आठवलं. तुला मेसेज केला, पुन्हा केला. तहानं दोन गिऱ्हाइकं उरकली तोवर मी खुर्चीत बसून होते. चार तासांनी तुझं एका शब्दाचं उत्तर आलं, No. मग मी सही केली.

चार तास कशाला लागले, प्रणव?

गोधडीचे काठ तेवढे राहिलेत.
आई

लेस्टर
१८ मे २०२५

ती. सौ. आईंस स्वानंदीचा सा. न. वि. वि.

आई, व्हिसा नाकारला एवढंच तुम्ही फोनवर सांगितलंत आणि मलाच धीर देत बसलात. मी प्रणवला कारण विचारलं तर तो उठून बाल्कनीत गेला. मग मी त्याचा ड्रॉवर उघडला. तुमच्या नावाची पाच पाकिटं तिथे होती. एकही फाडलेलं नव्हतं, सगळी उघडून नीट घडी घालून ठेवलेली.

पहिलं नोव्हेंबरचं, कोर्टाकडून. लायसन्स नसताना टीव्ही बघितल्याचा आरोप तुमच्यावर, पुरावा म्हणून तुमची सही, आणि एकवीस दिवसांत उत्तर द्या असं. उत्तर कुणी दिलंच नाही. जानेवारीत तुमच्या पाठीमागे तुम्हाला दोषी ठरवून दंड केला. बाकीची स्मरणपत्रं.

मी प्रणवपुढे ती मांडली. घर माझं, टीव्ही माझा, असं तू कोर्टाला का लिहिलं नाहीस, हे विचारलं. तो म्हणाला, "लिहिलं असतं तर केस माझ्यावर आली असती आणि माझा अर्ज नामंजूर झाला असता. आई तर तिकडे आहे, तिला काय फरक पडतो?"

दंड मी काल भरला. पण त्यानं काही पुसलं जात नाही म्हणे. आई, मला फार भीती वाटते. बाळंतपणाची नाही. या माणसाबरोबर मी राहते, त्याची वाटते.

तुमच्या पायांशी जागा असू द्या.
स्वानंदी

अबू धाबी
२२ जून २०२५

प्रणव,

अस्मीचे फोटो पाहिले. कपाळ तुझ्या बाबांचं आहे. तिला न्हाऊमाखू घालायला बाई ठेवलीस, चांगलं केलंस. तुझा अर्जही पास झाल्याचं स्वानंदीकडून कळलं.

मला आलेलं पत्र तहानं वाचून दाखवलं. मी खोटी माहिती दिली, म्हणून दहा वर्षं तिथे येता येणार नाही. मी बासष्टची आहे. तहाच्यानं पुढचं वाचवेना, कागद त्यानं उलटा ठेवला. बाबा म्हणतात, अस्मी मोठी झाली की तीच इकडे येईल, इन्शाल्ला. येईल ती. पण तिच्या अंगाला तेल लावायचे दिवस आत्ताचे होते.

टीव्हीचे पैसे तू भरले नाहीस याचा मला राग नाही. त्यापायी स्वतः कोर्टात उभा राहिला असतास तर मी इथे मान वर करून सांगितलं असतं. राग याचा आहे की ती पाकिटं तू वाचत होतास. एकेक उघडत होतास, वाचत होतास आणि ड्रॉवर लावत होतास. आणि मला श्रवणयंत्राचं लिहिलंस, पेनानं.

चूक लिहून दे, असं मी आता म्हणणार नाही.

गोधडी कुरियरनं पाठवली आहे. माणूस दारात येईल, त्याच्या गळ्यात कार्ड असेल. स्वानंदीला उठवू नकोस. दार तू उघड आणि सही तुझ्या नावाची कर.

अस्मीला आणि स्वानंदीला अनेक आशीर्वाद.

वासंती वासुदेव सावर्डेकर
(पासपोर्टवर आहे तसं)